गरम हाताची मनियारीण

जैतुनबीला तुम्ही विचारलंत, की बाई, तुझं लग्न कधी झालं, तर ती साल सांगत नाही. म्हणते, "खुलताबादच्या पाटलीणबाईला सातवा लागला होता ना, त्याच हप्त्यात." तिचा याह्या कधी जन्मला? "डॉक्टरीणबाईनं काचेच्या बांगड्या सोडून प्लास्टिकच्या मागितल्या आन् मी तिच्याशी भांडले, त्या साली." मग डॉक्टरीणबाई कधी बिघडली ते तुम्ही शोधत बसायचं.

मी तिला हसते, पण माझं तरी काय वेगळं आहे? घरात गॅस कधी आला ते मला महिन्यासकट सांगता येतं. पोरांचे वाढदिवस मात्र पोरांनाच विचारावे लागतात.

जैतुनबी आमच्या बोळातली मनियारीण. औरंगपुऱ्यात भाजीवाल्यांच्या बाजूनं आत शिरलात, की डाव्या हाताला तिसरं दार तिचं. पुढच्या खोलीत बांगड्या, मागच्या खोलीत संसार. आम्ही दोघी तशा खुलताबादकडच्या. ती तिथल्या मनियाराच्या घरात दिलेली, मी शेजारच्या गावच्या कुणब्याची लेक. मी लग्न होऊन शहरात आले. पुढं पंधराएक वर्षांनी तिचं बिऱ्हाड आमच्याच बोळात आलं आणि आमची गट्टी जमली ती जमलीच. माझ्या चहात साखर किती आणि तिच्या चहात आलं किती, हे आमच्या सुनांना ठाऊक नाही, आम्हाला एकमेकींचं ठाऊक आहे.

बाई मोठी हुशार. तिच्यापुढं हात धरला, की ती अंगठ्याच्या सांध्यावर दाबते, एकदाच, आणि न बघता मागच्या फळीवरून डबा ओढते. माप चुकत नाही. "ढिला सोड," एवढंच म्हणते आणि तुम्ही सुनेची चहाडी सांगेपर्यंत डझनभर बांगड्या चढलेल्या असतात. बोळातल्या कोणत्या बाईला दिवस गेले हे तिला सासूच्या आधी कळायचं. हाताला सूज येते म्हणे. पण तोंडातून शब्द बाहेर काढायची नाही. डोहाळजेवणाच्या भरायची, संक्रांतीच्या भरायची, गौरीच्या भरायची. एकच काम ती करायची नाही. नवरीचा चुडा.

"माझा हात गरम हाय," म्हणायची. "नवरीला सोसत नाय."

आधी तिची जाऊ भरायची, जाऊ गेल्यावर सून तबस्सुम भरायला लागली. बोळानं ते मान्य करून टाकलं होतं. एखाद्याला वांगं चालत नाही, तसं हिला नवरी चालत नाही. माझ्या लेकीच्या लग्नात मी तिच्या हातापाया पडले. म्हटलं, तू तिला अंगाखांद्यावर खेळवलीस, तिचा चुडा तूच भर. तर ही बाई दोन दिवस माहेरी निघून गेली. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. महिन्याभरानं माझी बांगडी वाढवली, तेव्हा बोलावंच लागलं.

गेल्या वर्षी तिचा हजला नंबर लागला. तिचा आणि याह्याचा. बोळभर पेढे झाले. त्यांच्यात रीत अशी, की हजला निघण्याआधी माणसानं सगळ्यांची माफी मागायची. आयुष्यात बोलण्या-चालण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर ते इथंच मिटवून जायचं. जैतुनबी दारोदार फिरली. भाजीवाल्याकडं गेली, पिठाच्या गिरणीत गेली, जिच्याशी नळावरून वीस वर्षं अबोला होता तिच्याकडंही गेली. "कहासुना माफ करना," म्हणायची आणि हात जोडायची. माझ्याकडं आली तेव्हा मी म्हटलं, "तुला माफ करायला बसले तर तुझं विमान चुकंल." आमचे हे, म्हणजे साहेबराव, खाटेवरून म्हणाले, "हिला बी माफी मागायला शिकव जैतुनबी, म्हंजी माझ्या वाट्याला थोडी कमी बडबड यील."

जैतुनबी हसली नाही. तिथंच उंबऱ्याशी बसली.

"लक्ष्मी, एक घर राह्यलंय," म्हणाली. "तिथं गेल्याबिगर मला जाता यायचं नाय. गेले तरी ते अल्लाला कबूल व्हायचं नाय."

"कोणाचं घर?"

"तुझ्या गीताचं."

गीता माझी चुलतबहीण. वेरूळला असते. आमची दोघींची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात झाली. दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी सतरा वर्षांची, गीता सोळाची. त्याच वर्षी आषाढात शेतावर वीज पडली आणि गीताचा नवरा गेला. चार महिन्यांचा संसार. आता तिचं आणि जैतुनबीचं काय मध्येच? माझ्या माहितीप्रमाणं त्या दोघी पन्नास वर्षांत भेटलेल्या नव्हत्या.

मग तिनं सांगितलं. आमच्या लग्नातला चुडा भरायला खुलताबादहून तिची सासू आली होती, आणि बरोबर ही नवी सून. सासूचे डोळे दुखत होते म्हणून चुडा हिनं भरला. पहिलाच नवरीचा चुडा. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलेलो, पिवळ्या लुगड्यात, पदर नाकापर्यंत. एकीच्या हातात बांगडी अडकली. हिनं जोर केला. कट्‌ झालं. रक्ताचा थेंब आला. हिनं फुटकी काच मुठीत दाबली, थेंब पदरानं टिपला आणि डब्यातली दुसरी बांगडी चढवली. कोणाला सांगितलं नाही. सासूनं तिथंच झोडपलं असतं. आणि आषाढात बातमी आली, की त्या दोन नवऱ्यांतल्या एकीचं कुंकू पुसलं.

"माझ्या हातानं गेला तो," जैतुनबी म्हणाली. "चुडा भरून झाल्यावर ती माझ्या पाया पडली व्हती लक्ष्मी. काच माझ्या मुठीत आन् ती पाया पडती."

म्हणून हात गरम.

मी तिला काय काय समजावलं. वीज काय बांगडीला विचारून पडते का, म्हटलं. पण खरं सांगायचं तर माझी मलाच खात्री नव्हती. आपणही त्याच घरांत वाढलो. बांगडी फुटली म्हणत नाही आपण, वाढवली म्हणतो. आणि नवरीच्या हातातली म्हणजे तर विचारू नका. भीती तिची होती ती एकदम माझीही झाली. गीता ऐकून काय म्हणेल? पन्नास वर्षांनी तिच्या दारात जाऊन हे सांगायचं?

"नाय माफ केलं तर?" जैतुनबीनं विचारलं.

"तर शिव्या खाऊन परत येऊ," मी म्हटलं. "बायकांना अर्धं तिकीट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. रस्ताभर ती तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. दुवा म्हणत होती की गीताला काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होती, मी विचारलं नाही.

गीताबद्दल सांगायला पाहिजे. लोकांना वाटतं, चार महिन्यांत विधवा झालेली बाई म्हणजे कोपऱ्यात बसलेली असणार. गीतानं लेण्यांच्या रस्त्याला पेरू आणि सीताफळाची पाटी लावली, पाटीचं दुकान केलं, दुकानात चहा सुरू केला. दिराच्या दोन पोरांची शिक्षणं केली. परदेशी माणसाला ती मराठीत दटावते आणि तो ऐकतो. आम्ही गेलो तेव्हा गल्ल्यावर बसून पुतण्याला झापत होती.

"लक्ष्मे!" मला बघून ओरडली. "कोण मेलं?"

"कोणी नाय मेलं. यायला माणूस मरायलाच पाहिजे का?"

"तू दुसऱ्या कशाला येतीस? बस. आन् ह्या कोण?"

जैतुनबी उभीच राहिली. चहा आला तो तिनं हातात धरला, प्यायली नाही. रस्त्यावर घोकलेलं सगळं विसरली असावी. एकदम सांगून मोकळी झाली. बांगडी, रक्त, मूठ, सगळं. शेवटी म्हणाली, "मी हजला चालले. तुमी माफ केलं तर जाईन. न्हाई तर नाय जाणार."

गीतानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, "ही काय बोलतीय गं? माझ्या हातात कुठं काय फुटलं?"

"फुटलं व्हतं," जैतुनबी म्हणाली. "मीच भरल्या ना."

"तुम्ही भरल्या, पण हात माझे व्हते. माझा चुडा अख्खा व्हता. एकसारखा. आन् हिच्या," गीतानं माझ्याकडं बोट केलं, "डाव्या हातात एक बांगडी येगळी व्हती. गर्द. मोरपंखी म्हना. मी लग्नभर त्या बांगडीकडं बघत व्हते. अक्षता पडल्या तरी माझं ध्यान तिथंच. आईला म्हणले, लक्ष्मीला भारीतली दिली आन् मला नाय. आईनं चिमटा काढला. तो चिमटा मला आज बी आठवतो. फुटली असंल तर हिची फुटली."

"माझी?" मी म्हटलं. "मग मला नसतं का कळलं?"

"तुला काय कळतंय! बसल्या बसल्या झोपली व्हतीस. दचकून उठलीस आन् म्हणलीस, जेवायला वाढलं का?"

आता हे मला मुळीच आठवत नाही. लग्नाच्या दिवसाचं मला आठवतं ते बुंदीचं ताट, आणि ते माझ्यापर्यंत पोचलं नाही हे. पण गीतानं मोरपंखी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं ती बांगडी उभी राहिली. हिरव्यात एक निळसर झाक. आता ती मला आठवली, की गीतानं सांगितली म्हणून दिसायला लागली, हे मला आजही सांगता येणार नाही. तुम्ही स्वतःच्या आठवणी एकदा अशा हातात घेऊन बघा, कोणती आपली आणि कोणती दुसऱ्यानं सांगून सांगून दिलेली, सगळ्या निवडताना दमाल.

जैतुनबी मात्र मानायला तयार नाही. "तुमी दुःखात व्हतात, विसरलात," म्हणाली.

गीता भडकली. "दुःख आषाढात आलं. लग्न चैतात झालं. चैताचं मी कशाला विसरू? माझे तेवढेच तर चार म्हयने हायेत, रोज पुसून ठिवलेत मी ते."

जैतुनबीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हात द्या."

गीतानं डावा हात पुढं केला. चहा गाळून गाळून काळवंडलेला, नखं झिजलेली. जैतुनबीनं डोळे मिटले. अंगठ्याच्या सांध्यावर दाबलं. एकदाच दाबते ती, पण तेव्हा दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. गीताचा हात घडी घातल्यासारखा मिटत होता.

"ह्यो नव्हं," जैतुनबी म्हणाली.

मग माझा हात ओढला. दाबला. माझ्या अंगठ्याचं हाड आडवं आहे, लहानपणापासून. बांगडी तिथं येऊन थांबते. सगळ्या कासारांनी शिव्या घातल्यात त्या हाडाला.

"ह्योच," ती म्हणाली. डोळे उघडले. "अल्ला, ह्योच की. पस्तीस वर्षं ह्यो हात धरतीय मी. दर संक्रांतीला धरतीय."

झालं होतं ते असं. त्या दिवशी दोन नवऱ्या, पदर नाकापर्यंत, तिला ना तोंडं ठाऊक ना नावं. बांगडी फुटली एकीची. पुढं नवरा गेला एकीचा. दोन्ही एकच असणार, असं तिच्या मनानं ठरवलं आणि मग गीताचं नाव कळल्यावर ते त्या नवरीला लावून टाकलं. फुटलेल्या चुड्याची खरी मालकीण समोर बसून रोज तिच्या हातचा आल्याचा चहा पीत होती, आणि त्या मालकिणीचा नवरा त्रेपन्न वर्षं झाली, खाटेवरून हुकूम सोडतोय.

"मग माफ कशाचं करू?" गीता म्हणाली. "जे झालंच नाय ते? हिच्याकडं माग."

"माझ्याकडं?" मी म्हटलं. "त्रेपन्न वर्षं साहेबराव! ह्याला माफी नाय."

गीता एवढी हसली की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. मला वाटलं, जैतुनबीही हसेल. सुटली बिचारी, आता डोक्यावरचं ओझं गेलं. पण ती हसली नाही. येताना गीतानं तिच्या पिशवीत चार आंबे घातले, तेही तिनं बघितले नाहीत.

एसटीत ती खिडकीशी बसली. दौलताबादचा घाट उतरला आणि माझ्यावर उखडली.

"तुझ्या हातात फुटली आन् तू झोपली व्हतीस!"

"मी मुद्दाम झोपले का?"

"एक डाव 'आई गं' म्हणायचं. रक्त आलं व्हतं. एक डाव म्हणली असतीस तर मला तोंड दिसलं असतं तुझं." मग आवाज खाली गेला. "किती नवऱ्या गेल्या गं माझ्या पुढून. वकिलाच्या तिघी. गिरणीवाल्याची. तुझी लेक. मी मागच्या खोलीत जाऊन बसायची, कान पुढं. जाऊबाई धसमुसळी व्हती, तिला मऊ हाताची पारख नव्हती. मी भरल्या असत्या तर एकीला बी दुखलं नसतं. कशापायी सोडलं मी? कशापायी?"

आपण समजतो, पाप केलं नाही असं कळलं की माणूस सुखावतो. पण पन्नास वर्षं ज्याच्यापायी उपास धरला ते कारणच नव्हतं म्हटल्यावर, त्या उपासाचं काय करायचं? शहराची घरं दिसायला लागली तेव्हा मी एवढंच म्हटलं, "अजून अकरा दिवस हायेत तुझ्या जाण्याला. माफी मागत फिरतीच हायेस ना? मग ज्यांच्या भरल्या नायस त्यांची माग."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बायका हसतील."

"हसू दे. तुझं नाव काढून हसतील."

तबस्सुमनं आठवून आठवून नावं काढली. कोण कुठं दिलीय, कोण सिडकोत, कोण हर्सूलला. याह्या रिक्षातून न्यायचा, मी बरोबर. जैतुनबी माफी मागायची आणि पेटी उघडायची. वकिलाची थोरली आजी झालीय. ती म्हणाली, "काकू, आता ह्या वयात चुडा? आमचे हे घाबरतील, दुसरं लग्न लावताय की काय म्हणून." पण हात पुढं केला. धाकटीला ऑफिसात बांगड्या चालत नाहीत, तिनं रविवारपुरत्या भरल्या. माझी लेक जालन्याहून मुद्दाम आली. भरताना रडली, जैतुनबी म्हणाली, "रडू नको गं, हात कडक व्हतो. आन् आईवानी झोपू बी नको." माझ्याही भरल्या, पुरा चुडा. साहेबरावांनी एकदा माझ्या हातांकडं बघितलं आणि विचारलं, "कोणाचं लग्न हाय?"

अशी सोळा घरं झाली. शेवटचं नाव मोनिकाचं होतं, आणि ते नाव जैतुनबी रोज खाली ढकलत होती.

मोनिका बोळातलीच पोर. शाळेत शिकवते. बारा वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा चुडा तबस्सुमनं भरला होता. कोरोनात तिचा नवरा गेला.

"तिच्याकडं कशी जाऊ?" जैतुनबी म्हणाली. "हिरव्या घेऊन? मी आपली नुसती हात जोडून यिते."

"पेटी घे," मी म्हटलं. "उघडायची की नाय ते तिला ठरवू दे."

मोनिकानं दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. जैतुनबीनं तिला सगळं सांगितलं, वेरूळपर्यंतचं. काही लपवलं नाही. बोलताना पेटी मांडीखाली सरकवत होती, जशी काही ती दिसणारच नाही.

ऐकून झाल्यावर मोनिका म्हणाली, "काकू, माझ्या वेळी एकही वाढवली नव्हती. मला चांगलं आठवतंय. तबस्सुमभाभी किती जपून भरत होत्या. सगळ्या अख्ख्या चढल्या."

"व्हय," जैतुनबी म्हणाली. पुन्हा म्हणाली, "व्हय गं."

बाहेर याह्या रिक्षाचा हॉर्न वाजवत होता. त्याला अजून खरेदी राहिली होती. मी उठून खिडकीतून त्याला हात केला, थांब म्हणून. वळून बघते तर मोनिकानं घड्याळ काढून टीव्हीजवळ ठेवलं होतं आणि जैतुनबीच्या पुढं जमिनीवर मांडी घालून बसली होती.

"तेव्हा तुम्ही भरायला पाहिजे होत्या," म्हणाली. "आता भरा."

"कोणत्या भरू?" जैतुनबीनं विचारलं. तिचा हात पेटीच्या झाकणावर होता. लाल, पिवळ्या, जांभळ्या, सगळ्या होत्या आत. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. हे मी सांगण्यासारखं नव्हतं.

"तेव्हा कोणत्या भरल्या असत्या?"

"हिरव्या."

"मग त्याच."

जैतुनबीनं पेटी उघडली. हिरव्यांचा जुडगा काढला, कागद सोडला, एकेक बांगडी नखानं वाजवून बघितली आणि दोन बाजूला काढल्या, आवाज बरा नव्हता म्हणून. मग मोनिकाचा हात आपल्या हातात घेतला.

"ढिला सोड," म्हणाली.